तळघरातल्या फिती आणि करडईचे तेल

१९६६ साली ऑस्ट्रेलियातल्या सिडनी शहरात एक प्रयोग सुरू झाला. त्यात ३० ते ५९ वयाचे ४५८ पुरुष होते. प्रत्येकाला नुकताच हृदयविकाराचा झटका किंवा त्याच जातीचा त्रास होऊन गेला होता. त्यांचे दोन गट पाडले. कोण कोणत्या गटात जाणार हे चिठ्ठ्या टाकाव्यात तसे नशिबावर सोडले. वैद्यकात निष्पक्ष तुलना करण्याची हीच रीत आहे. २२१ जणांना सांगितले, की लोणी आणि प्राण्यांची चरबी कमी करा आणि त्याऐवजी करडईचे तेल व त्याच तेलापासून केलेले मार्गारिन खा. उरलेल्या २३७ जणांना आहाराचा असा काही खास सल्ला दिला नाही.

करडई म्हणजे तीच, जी सोलापूर आणि मराठवाड्यात रब्बीला पिकते. तिच्या पारंपरिक वाणांच्या तेलात लिनोलेइक आम्ल नावाचा घटक ७० टक्क्यांच्या आसपास असतो. या आम्लाने रक्तातले कोलेस्टेरॉल उतरते, हे तेव्हाही माहीत होते. कोलेस्टेरॉल उतरले की हृदयविकाराने होणारे मृत्यूही कमी होतील, असा सरळ हिशेब होता. तो बरोबर आहे की नाही, हे या प्रयोगातून कळणार होते.

प्रयोग १९७३ मध्ये संपला. १९७८ साली निबंध छापून आला. त्यात एक अडचणीची गोष्ट होती: तेल घेणाऱ्या गटात एकूण मृत्यू जास्त झाले होते. पण ही माणसे कशाने गेली, हृदयविकाराने की दुसऱ्या कशाने, याची दोन्ही गटांची तुलना निबंधात नव्हती. माहिती गोळा झालेली होती. प्रत्येक रुग्णाची नोंद होती, मृत्यूचे कारण होते. ते सगळे एका चुंबकीय फितीवर होते. ती फीत वाचून उत्तर छापायला २०१३ साल उजाडले.

मधल्या साडेतीन दशकांत हृदयरोग्यांना आहाराचा सल्ला जगभर दिला जात होता, त्यासाठी पुरावे जमवले जात होते, आणि त्यातला एक पुरावा डब्यात बंद होता. कोणी तो मुद्दाम दडवला असे म्हणायला आधार नाही. मुख्य अडचण साधी आणि यांत्रिक होती. एका पिढीच्या संगणकाने लिहिलेले दुसऱ्या पिढीच्या संगणकाला वाचता येत नव्हते.

त्या काळची फीत कशी असायची, हे आज पन्नाशीच्या आतल्या वाचकाने पाहिलेले असण्याची शक्यता कमी. जुन्या हिंदी चित्रपटात ‘कॉम्प्युटर’ दाखवायचा असला, की भिंतीइतक्या कपाटात दोन मोठी रिळे गरागरा फिरताना दिसायची, तीच ही. आयबीएम कंपनीने १९६४ मध्ये सिस्टिम/३६० हे संगणक जाहीर केले, त्यांच्याबरोबर नाइन-ट्रॅक टेप आली आणि पुढची वीस-पंचवीस वर्षे तिचे राज्य राहिले. फीत अर्धा इंच रुंद, मोठ्या रिळावर साधारण २४०० फूट. तिच्या रुंदीत नऊ समांतर पट्टे असत. आठ पट्ट्यांवर मजकूर, नववा पडताळणीचा. प्रत्येक अक्षर म्हणजे आडव्या ओळीतल्या आठ जागा, कुठे शून्य तर कुठे एक. नववी जागा अशी भरायची, की ओळीतल्या एकांची संख्या विषम यावी. वाचताना ती सम भरली, की तिथे काहीतरी बिघडले आहे हे कळते. किराणा दुकानदार रात्री गल्ला जुळवतो, तशातलाच प्रकार. इंचाला १६०० अक्षरे या घनतेने भरलेल्या अख्ख्या रिळात सुमारे ४० मेगाबाइट मावत. आजच्या मोबाइलमधले दहा फोटो.

अशी फीत वाचायची तर पहिल्यांदा ती वाचणारे यंत्र हवे. ते आज संग्रहालयांत आणि हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या कार्यशाळांत मिळते. यंत्र मिळाले, तरी फीत लगेच त्यावर चढवत नाहीत. प्लास्टिकच्या पट्टीवर चुंबकीय भुकटी धरून ठेवणारा जो चिकटा असतो, तो काही फितींमध्ये हवेतला ओलावा शोषून वर्षानुवर्षे विरघळत जातो. अशी फीत फिरवली, की भुकटी यंत्राच्या वाचनशीर्षावर निघून येते आणि तिच्याबरोबर मजकूरही. यावरचा उपाय ऐकायला विचित्र आहे: फीत भाजतात. भट्टीत नव्हे, ५० अंश सेल्सिअसच्या आसपासच्या सौम्य उबेत, काही तास किंवा त्याहून जास्त. ओलावा निघतो, चिकटा तात्पुरता घट्ट होतो आणि थोड्या दिवसांची सवड मिळते. तेवढ्यात जे वाचायचे ते वाचून घ्यायचे. या कामातले जाणकार पहिल्या फेरीत अर्थ लावायच्या भानगडीत पडत नाहीत. आधी फितीवर आहे तसे, खुणांसकट, उतरवून घेतात आणि मग त्या प्रतीवर काम करतात. प्रयोगशाळेत बायोप्सीचा तुकडा जसा आधी जपून ठेवतात आणि मग त्याच्या चकत्या करतात, तसे.

इथपर्यंत पोचल्यावर पडद्यावर जे दिसते, ते पाहून कोणाचाही धीर सुटेल. कारण फितीवरची लिपी वेगळी असते. आयबीएमच्या मोठ्या संगणकांची लिपी एब्सिडिक, आणि आज चालणाऱ्या जवळजवळ सगळ्या संगणकांच्या लिपीचा पाया आस्की. संगणकाला अक्षरे कळत नाहीत, क्रमांक कळतात. कोणत्या क्रमांकाला कोणते अक्षर म्हणायचे हा केवळ करार असतो. इंग्रजी वर्णमालेतला पहिला मोठा ‘ए’ आस्कीत ६५ आहे आणि एब्सिडिकमध्ये १९३. एब्सिडिकमध्ये तर ‘आय’नंतर लगेच ‘जे’ येत नाही, मध्ये क्रमांक रिकामे सोडलेले आहेत. हा छिद्रे पाडलेल्या कार्डांच्या जमान्याचा वारसा. अंकही वेगळे. फितीवर लिहिलेला ७ आजच्या साध्या संगणकावर तसाच उघडला, तर त्या जागी भागाकाराचे चिन्ह दिसू शकते.

मराठी वाचकाला हे समजावून सांगायची तशी गरज नाही. पुण्याच्या पेशवे दफ्तरातले कागद शाबूत आहेत, शाई शाबूत आहे, भाषा मराठी आहे. पण मोडी येत नसेल, तर चांगला शिकलेला माणूसही त्यापुढे निरक्षर ठरतो. त्याहून ताजा अनुभव हवा असेल तर १९९० च्या दशकात संगणकावर टंकलेल्या मराठी फायली आठवाव्यात. तेव्हा प्रत्येक फॉन्ट बनवणाऱ्याने ‘क’ला आपापला क्रमांक दिला होता. एका छापखान्यातली फाईल दुसऱ्याकडे उघडली, की पत्रिकेतला ‘श्री’ जाऊन तिथे कंस, टिंबे आणि डॉलरची चिन्हे यायची. भारतीय लिप्यांसाठी ‘इस्की’ हा प्रमाण संकेत १९९१ साली ठरला. पुण्याच्या सी-डॅकचे काम याच क्षेत्रातले. त्याच वर्षी युनिकोडची पहिली आवृत्ती आली, तिच्यात देवनागरी होती. तरीही जुन्या फॉन्टमधले मजकूर युनिकोडमध्ये आणण्याचे काम अजून अनेक कार्यालयांत आणि प्रकाशनांत संपलेले नाही.

एब्सिडिकचे आस्की करणे हे तुलनेने सोपे काम. तक्ता तयार आहे, एका क्रमांकाच्या जागी दुसरा ठेवत जायचे. खरा घात होतो तो आकड्यांत. जागा वाचवायला त्या काळचे संगणक बऱ्याचदा एका अक्षराच्या जागेत दोन अंक दाबून बसवत. हे अंक अक्षरे नसतात, त्यामुळे त्यांना लिपीचा तक्ता लावायचा नसतो. एखाद्याने उत्साहाने अख्खी फाईल एकदम रूपांतरित केली, तर नावे सुरेख वाचता येतात आणि कोलेस्टेरॉलचे, वजनाचे, रक्तदाबाचे आकडे मात्र उद्ध्वस्त होतात. मूळ प्रत राखून ठेवली नसेल, तर परतीची वाटही नसते.

आणि समजा आकडेही धड निघाले. ते कशाचे आहेत? त्या काळच्या फायलींत रकान्यांना मथळे नसत. छिद्रांच्या कार्डावर ऐंशी अक्षरे मावत, म्हणून फितीवरही बऱ्याचदा ऐंशी अक्षरांच्या ओळी, एकापुढे एक. कोणत्या अंकांत रुग्णाचा क्रमांक, कोणत्या अंकांत वय, कुठे लिंग, हे सांगणारी वही वेगळी असे, तिला कोडबुक म्हणत. ती वही हरवली, तर हाती राहते ती नुसती अंकांची पांढरी भिंत. वहीशिवाय अंदाज करता येतो. एक आणि दोन एवढेच अंक येणारा रकाना बहुधा लिंगाचा, २०० ते ३०० मध्ये फिरणारा बहुधा कोलेस्टेरॉलचा. पण ‘बहुधा’वर औषधशास्त्र चालत नाही. त्यातून माहिती नसेल तिथे ९, ९९ किंवा ९९९ लिहायची पद्धत होती. ज्या अभ्यासात वृद्धाश्रमातली माणसे आहेत, तिथे ९९ हे वय की ‘वय माहीत नाही’? कोलेस्टेरॉल मिलिग्रॅममध्ये मोजले की मिलिमोलमध्ये? दोन्हींत सुमारे ३९ पटींचा फरक आहे. मृत्यूचे कारण ज्या संकेतांकाने लिहिलेले असते, तेही बदलत राहते. हृदयविकाराचा तीव्र झटका जागतिक आरोग्य संघटनेच्या आठव्या आणि नवव्या वर्गीकरणात ४१० होता, दहाव्यात आय-२१ झाला, आणि २०२२ पासून लागू झालेल्या अकराव्यात बीए-४१. आजार तोच, नावे तीन.

संगणकांचे एकमेकांशी जमत नाही, ही अडचण फक्त मेलेल्या यंत्रांची नव्हती. जिवंत यंत्रांचीही होती, आणि तिच्यावरचा एक तोडगा सांगण्याजोगा आहे. १९८१ साली न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात विद्यार्थी ज्या मोठ्या सामायिक संगणकावर काम करत, त्यावर जागा अपुरी पडू लागली. विद्यार्थ्यांनी आपले काम फ्लॉपीवर घरी न्यावे, असे ठरले. पण मोठा संगणक डेक कंपनीचा, फ्लॉपीवाले छोटे संगणक भलत्याच पद्धतीवर चालणारे, आणि विद्यापीठात आयबीएमचीही यंत्रे. कोणाचे कोणाशी बोलणे नाही. फ्रँक दा क्रूझ आणि बिल कॅचिंग्ज यांनी त्यावर एक शिष्टाचार रचला आणि मपेट्स या बाहुल्यांच्या कार्यक्रमातल्या बेडकाचे नाव त्याला दिले: कर्मिट. त्यातले तत्त्व फोनवर औषधाचे नाव सांगताना आपण पाळतो तेच आहे. थोडे थोडे बोलायचे. ज्या अक्षरांबद्दल गोंधळ होणार नाही तेवढीच वापरायची. प्रत्येक तुकड्याशेवटी बेरीज सांगायची. समोरच्याने ‘मिळाले’ म्हटल्याशिवाय पुढे जायचे नाही. बेरीज जुळली नाही तर तोच तुकडा पुन्हा. कर्मिटचा साधा तुकडा शंभराच्या आतल्या अक्षरांचा असे, आणि मधल्या तारेवरची उपकरणे गिळून टाकतील अशी नियंत्रणचिन्हे त्यात तशीच कधी पाठवली जात नसत. संथ, पण विश्वासाचे काम. विद्यापीठाने त्याचा कार्यक्रम सर्वांना दिला, आणि वेगवेगळ्या देशांतल्या लोकांनी तो शेकडो प्रकारच्या यंत्रांसाठी लिहून काढला. संगणकाच्या इतिहासात चमकदार गोष्टींचे कौतुक भरपूर होते. हे काम त्या मानाने दुर्लक्षित राहिले आहे.

सिडनीच्या फितीला मात्र दुसऱ्या टोकाला जिवंत यंत्र नव्हते. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेतले डॉ. ख्रिस्तोफर रॅम्सडेन आणि त्यांचे सहकारी या जुन्या प्रयोगांच्या मागे लागले होते. सिडनीच्या मूळ चमूतले बुनसेंग लीलार्थपिन हे त्यांच्या निबंधाचे सहलेखक आहेत, आणि ही बाब महत्त्वाची आहे. फीत वाचायला यंत्र लागते, पण फितीवरचा आकडा कशाचा हे सांगायला त्या वेळी तिथे असलेला माणूस असला, तर त्यासारखे दुसरे काही नाही.

निकाल फेब्रुवारी २०१३ मध्ये ‘बीएमजे’ या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात आला. करडई तेलाच्या गटात २२१ पैकी ३९ जण दगावले होते, दुसऱ्या गटात २३७ पैकी २८. टक्केवारीत १७.६ आणि ११.८. आणि ज्या प्रश्नाचे उत्तर १९७८ मध्ये छापले गेले नव्हते, ते आता आले: हृदयाला रक्त पुरवणाऱ्या धमन्यांच्या विकाराने पहिल्या गटात १६.३ टक्के गेले, दुसऱ्यात १०.१ टक्के. म्हणजे जास्तीचे मृत्यू बहुतांशी हृदयविकाराचेच होते. कोलेस्टेरॉल खरोखरच उतरले होते. माणसे वाचली नव्हती.

याच चमूने नंतर अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यातला आणखी मोठा प्रयोग शोधून काढला. १९६८ ते १९७३ या काळात राज्यातल्या सहा सरकारी मनोरुग्णालयांत आणि एका वृद्धाश्रमात, २० ते ९७ वयाच्या नऊ हजारांहून अधिक माणसांवर तो झाला होता. स्वयंपाकघर संस्थेचेच, त्यामुळे कोणाच्या ताटात काय जाते यावर नियंत्रण पक्के. एका गटाच्या जेवणात मक्याचे तेल आणि त्याचे मार्गारिन, दुसऱ्यात नेहमीची चरबी. आजच्या निकषाने ज्याला रुग्णाची लेखी संमती म्हणू, ती तिथे घेतली गेली नव्हती. नेहमीच्या जेवणातलाच बदल म्हणून तशी गरज मानली गेली नाही. या माणसांची नावे कुठे येणार नाहीत, पण त्यांच्या रक्ताचे नमुने, त्यांचे आहार आणि मृत्यूनंतर कित्येकांची शवविच्छेदने यांवर हा सगळा अभ्यास उभा आहे. एवढे करून प्रयोगाचा मुख्य निबंध छापला गेला १९८९ मध्ये, म्हणजे प्रयोग संपल्यावर सोळा वर्षांनी, आणि त्यात बरेच विश्लेषण नव्हतेच.

प्रयोगाचे प्रमुख डॉ. आयव्हन फ्रँट्झ २००९ साली वारले. रॅम्सडेन यांनी त्यांच्या मुलाशी संपर्क साधला. मुलगाही डॉक्टर. त्याने वडिलांच्या घराचे तळघर धुंडाळले आणि तिथे खोकी सापडली, त्यांत कागदपत्रे आणि चुंबकीय फिती. त्यांना जोड मिळाली ती स्टीव्हन ब्रॉस्टे यांनी १९८१ साली पदव्युत्तर पदवीसाठी लिहिलेल्या प्रबंधाची. त्यात याच प्रयोगाची तपशीलवार कोष्टके होती. फितीतून निघालेले आकडे बरोबर वाचले गेले की नाही, हे ताडून पाहायला असा छापील आधार अतिशय उपयोगाचा असतो. फिती आणि कागद यांतून मिळून २३५५ जणांच्या कोलेस्टेरॉलच्या नोंदी आणि १४९ शवविच्छेदनांच्या फायली पुन्हा उभ्या राहिल्या.

२०१६ मध्ये ‘बीएमजे’तच आलेला निकाल असा: मक्याच्या तेलाच्या गटात कोलेस्टेरॉल सरासरी १३.८ टक्क्यांनी उतरले, दुसऱ्यात १ टक्क्याने. तरी मृत्यू कमी झाले नाहीत. उलट ज्यांचे कोलेस्टेरॉल जास्त उतरले, त्यांच्यात मृत्यूचा धोका जास्त आढळला. दर ३० मिलिग्रॅम घटीमागे २२ टक्के. शवविच्छेदन झालेल्यांपैकी हृदयाच्या स्नायूला इजा झाल्याची खूण तेल घेणाऱ्या गटात ४१ टक्क्यांमध्ये होती, दुसऱ्या गटात २२ टक्क्यांमध्ये.

हे वाचून कोणी घरातले तेल ओतून देऊ नये आणि कोलेस्टेरॉलच्या गोळ्या तर मुळीच बंद करू नयेत. जुन्या फितीतून निघाले म्हणून एखादे सत्य जास्त खरे होत नाही. या दोन्ही प्रयोगांत उणिवा आहेत, आणि त्या छोट्या नाहीत. सिडनीत तेलाबरोबर जे मार्गारिन दिले गेले, त्या काळच्या मार्गारिनमध्ये ट्रान्स फॅट असण्याची दाट शक्यता होती. ट्रान्स फॅट हृदयाला घातक हे आता निर्विवाद आहे. आपल्याकडे वनस्पती तुपातल्या याच घटकावर अन्नसुरक्षा प्राधिकरणाने जानेवारी २०२२ पासून दोन टक्क्यांची मर्यादा घातली. मिनेसोटात त्याच काळात मनोरुग्णालयांतून रुग्णांना घरी सोडण्याचे धोरण आले, त्यामुळे बहुतेक जण वर्षभरही त्या आहारावर राहिले नाहीत. शवविच्छेदनाच्या सगळ्या फायली मिळालेल्या नाहीत, आणि ज्या मिळाल्या त्या सर्वांचे प्रतिनिधित्व करतात असे म्हणता येत नाही. दोन्ही प्रयोगांत लिनोलेइक आम्लाचे प्रमाण आपल्या रोजच्या जेवणापेक्षा बरेच जास्त होते. अमेरिकन हार्ट असोसिएशनने २०१७ मध्ये सर्व पुराव्यांचा आढावा घेताना हे दोन्ही प्रयोग मुख्य हिशेबात धरलेच नाहीत, आणि उरलेल्या चांगल्या प्रयोगांवरून संपृक्त चरबीऐवजी अशी तेले घेतल्यास हृदयविकार सुमारे ३० टक्क्यांनी कमी होतात असा निष्कर्ष दिला. स्टॅटिन गोळ्यांचा फायदा तर स्वतंत्रपणे, मोठमोठ्या चाचण्यांत सिद्ध झालेला आहे.

मग एवढा खटाटोप वाया गेला का? नाही. हे दोन प्रयोग वेळेवर पूर्ण छापले गेले असते, तर त्यांच्या उणिवांवरची चर्चा १९७० आणि ८० च्या दशकांतच झाली असती. मार्गारिनवर संशय तेव्हाच घेतला गेला असता. ‘कोलेस्टेरॉल उतरले म्हणजे काम झाले’ या समजुतीला प्रश्न तेव्हाच विचारला गेला असता. रक्तातला आकडा सुधारणे आणि माणूस जगणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे वैद्यकाला नंतर इतर औषधांच्या बाबतीतही पुन्हा पुन्हा शिकावे लागले आहे. आहारावरचा वाद आज ज्या कडवटपणे होतो, त्याचे एक कारण हेही आहे, की बाजूचे आणि विरोधातले पुरावे एकाच वेळी टेबलावर आले नाहीत.

हे दोन अपवादात्मक प्रसंग होते असेही नाही. कॅनडातल्या संशोधकांनी जीवशास्त्रातल्या ५१६ जुन्या निबंधांच्या लेखकांना पत्रे लिहून मूळ माहिती मागितली. निबंध जितका जुना, तितकी माहिती मिळण्याची शक्यता कमी, आणि ही शक्यता दर वर्षी १७ टक्क्यांनी घसरत होती. कारणे घरगुती होती. ईमेलचा पत्ता बदलला, फायली कुठल्यातरी झिप डिस्कवर होत्या, आणि ती डिस्क वाचणारे यंत्र आता कोणाकडेच नव्हते.

रुग्णालयातही हेच घडते, फक्त त्यावर निबंध निघत नाहीत. सीटी स्कॅनची यंत्रे आली तेव्हा प्रत्येक कंपनीचे चित्र साठवण्याचे तंत्र निराळे होते. एका यंत्रावरचे चित्र दुसऱ्यावर उघडत नसे. रेडिओलॉजिस्टांची अमेरिकन संघटना आणि यंत्रे बनवणारे उद्योग यांनी एकत्र बसून १९८५ मध्ये पहिले प्रमाण ठरवले, आणि १९९३ पासून ते ‘डायकॉम’ या नावाने चालते. आज नाशिकमध्ये काढलेला एमआरआय मुंबईच्या डॉक्टरांना पाहता येतो, तो या करारामुळे. पण हा करार चित्राच्या लिपीपुरता. ते चित्र ज्या वस्तूवर आहे, तिचे काय? कितीतरी घरांत आई-वडिलांच्या अँजिओग्राफीच्या, एमआरआयच्या सीडी पिशवीत जपून ठेवलेल्या असतात, आणि त्या घालायला घरात एकाही संगणकाला खाच उरलेली नसते. ईसीजीचा कागद तर उष्णतेने छापलेला असतो. काही वर्षांत तो पिवळा आणि मग कोरा होतो.

रुग्णाला जुनी नोंद नेमकी कधी लागते, हे आधी सांगता येत नाही. बायपास झालेल्या माणसाला दहा वर्षांनी पुन्हा छातीत दुखले, की कोणती रक्तवाहिनी कुठे जोडली होती हे पहिल्या अर्ध्या तासात कळावे लागते. स्तनाच्या किंवा फुप्फुसातल्या गाठीत ती ‘नवी आहे की तेव्हाही होती’ या एका प्रश्नावर पुढची बायोप्सी ठरते. आणि भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमांप्रमाणे डॉक्टरांनी आंतररुग्णाची कागदपत्रे जपण्याची मुदत उपचार सुरू झाल्यापासून फक्त तीन वर्षांची आहे. रुग्णाने मागितली तर ७२ तासांत देणे बंधनकारक आहे, पण मागावी लागतात. तीन वर्षे उलटल्यावर मागणाऱ्याला ती मिळतीलच असे नाही.

तेव्हा रुग्णालयातून निघतानाच डिस्चार्ज कार्ड, शस्त्रक्रियेची टीप आणि पॅथॉलॉजीचा अहवाल कागदावर मागून घ्यावा. ईसीजीची साध्या कागदावर झेरॉक्स काढावी, मूळ कागदावर तारीख नसेल तर ती घालावी. सीडी घरात असेल, तर सीडी ड्राइव्ह असलेला संगणक अजून मिळतो आहे तोवर तिच्यातले पूर्ण फोल्डर पेन ड्राइव्हवर आणि आणखी एका ठिकाणी उतरवून घ्यावे. पडद्यावरच्या चित्राचा मोबाइलने काढलेला फोटो पुरत नाही. त्यात मापे नसतात, आणि दुसऱ्या डॉक्टरांना त्यावरून गाठ मोजता येत नाही. फोल्डरला रुग्णाचे पूर्ण नाव, तपासणी कोणती आणि तारीख एवढे तरी नाव द्यावे. ‘बाबा रिपोर्ट नवीन’ या नावाचे फोल्डर सहा वर्षांनी उघडताना त्यातला ‘नवीन’ कोणता, हे घरातल्या कोणालाच आठवत नाही.